गाडीत सगळं एकच होतं म्हणे!

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या देखभालीचा विषय दहा मिनिटांत उरकला आणि कचऱ्यावर पाऊण तास गेला. ठराव साधा होता. जी घरं ओला आणि सुका कचरा वेगळा करून देत नाहीत, त्यांच्याकडून महिन्याला शंभर रुपये जादा घ्यायचे. चर्चा रंगात आली असताना बी विंगमधले एक निवृत्त इंजिनिअर उभे राहिले. माणूस सज्जन, वाचणारा, मुद्देसूद बोलणारा. म्हणाले, "मी तीन महिने इमानेइतबारे दोन डबे ठेवले. मग एक दिवस मुद्दाम कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. सगळ्यांचे डबे एकाच गाडीच्या पोटात उपडे होत होते. शेवटी गाडीत सगळं एकच होतं! मग घराघरात ही नाटकं कशाला?"

टाळ्या पडल्या. ठराव पुढच्या सभेवर गेला.

मला तिथे उत्तर सुचलं नाही. सभेत सुचत नाही ते मला घरी भाजी निवडताना सुचतं. ते आता लिहून काढते आहे, कारण हे मत त्या एकट्यांचं नाही. पुण्यात, ठाण्यात, नाशकात, जिथे जिथे पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरते, तिथे हे वाक्य कुणीतरी म्हणतंच आणि त्यावर टाळ्या पडतातच.

आधी त्यांचं जेवढं खरं आहे तेवढं मान्य करते. गाडीत एकत्र होतं, मीही पाहिलं आहे. बऱ्याच शहरांत कचरा वाहून नेण्याचा ठेका टनावर असतो. जितकं वजन, तितकं बिल. अशा ठेकेदाराला सोसायटीचा ओला कचरा आवारातच खतात जिरला तर त्यात तोटाच आहे. वेगळे कप्पे आणि वेगळ्या फेऱ्या तर डोकेदुखीच. पालिकेने भिंतीवर रंगीत डब्यांची चित्रं काढायची आणि रस्त्यावर एकच गाडी पाठवायची, हा प्रकार चालतो आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. पण विचारणार कोण? ज्या सोसायटीच्या फाटकातूनच मिसळ बाहेर पडते, तिने गाडीवाल्याला "मिसळू नको" म्हणायचं? तो हसेल, आणि त्याचं हसणं बरोबर असेल.

इंदूरचं उदाहरण सगळे देतात. २०१७ पासून वर्षानुवर्षं ते देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरत आलं. तिथल्या गाड्यांना वेगवेगळे कप्पे आहेत, हे आपल्याकडचे लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. त्या कप्प्यांत टाकायला माणसं घरून वेगळं करून आणतात, हे सांगायचं राहून जातं. २०२२ मध्ये तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. शाम्पूच्या पुड्या आणि फुटके बल्ब मिसळलेल्या खरकट्यावर असला प्रकल्प चालत नाही. तिथे कप्प्यांची गाडी आली, आणि घरोघरचे डबेही बदलले. आपण मात्र पालिकेने आधी गाडी बदलावी म्हणून थांबलो आहोत आणि पालिका आपण बदलावं म्हणून.

तरी खरं सांगायचं तर इंजिनिअरसाहेब उभे राहिले तो कोपराच चुकला.

पुण्यात घरचा कचरा गाडीपर्यंत पोहोचण्याआधी बहुतेक ठिकाणी माणसाच्या हातातून जातो. १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने शहरातल्या कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नाव सावकाश वाचा, वर्गीकरण त्यातच आहे. त्या संघटनेतून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून तिने घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. सभासद तीन हजारांहून अधिक, त्यात बहुसंख्य बाया. घरटी मिळणारं शुल्क आणि सुक्यातून निघालेल्या भंगाराची विक्री, एवढीच त्यांची कमाई. पगार नाही. म्हणजे आपल्या सुक्या डब्यात काय पडतं आणि ते कोरडं राहतं की नाही, यावर कुणाचा तरी महिना चालतो.

गेल्या पावसाळ्यात मी एक सकाळ आमच्या कचरा नेणाऱ्या मावशींबरोबर पार्किंगमध्ये बसले. त्या सातच्या सुमाराला येतात, ढकलगाडी पंपाच्या खोलीला टेकवतात आणि कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सचा तुकडा जमिनीवर अंथरतात. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली. कमिटीने हातमोजे दिले होते ना, मी विचारलं.

"मोज्यात कळत नाही ताई," त्या म्हणाल्या.

काय कळत नाही ते पाच मिनिटांत दिसलं. प्लॅस्टिकचा तुकडा त्या चिमटीत धरून चुरगळतात आणि कान देतात. कुरकुरला की एका ढिगात, मऊ आणि मुका निघाला की दुसऱ्या. बाटलीचं झाकण वेगळं, बाटली वेगळी. दोन्ही प्लॅस्टिकच, पण प्लॅस्टिकची जात वेगळी आणि दुकानातला भावही वेगळा. मला हे सगळं 'प्लॅस्टिक' या एका शब्दात माहीत होतं; त्यांच्याकडे त्याला सात-आठ शब्द होते. रसायनशास्त्रातली पदवी माझी आहे.

मग एक गाठ मारलेली काळी पिशवी आली. त्यांनी ती आकड्याने फाडली. आत वरणभात, चहाचा चोथा, दुधाच्या दोन पिशव्या, औषधाच्या दुकानाचं बिल, इंग्रजी पेपरच्या पुरवणीची चार पानं, दाढीचं ब्लेड आणि न गुंडाळलेला सॅनिटरी पॅड. पुरवणी त्यांनी झटकली, नाकाशी नेली आणि पुन्हा ओल्यात टाकली. "हिचे पैसे गेले." दुधाच्या पिशव्या बागेच्या नळाखाली विसळल्या. ब्लेड एका डबीत गेलं. तसल्या ब्लेडची अख्खी डबी होती त्यांच्याकडे. पॅड त्यांनी कसा उचलला ते मी सांगू शकत नाही, कारण मी तेवढा वेळ पार्किंगच्या छताकडे बघत होते.

त्या सकाळी चोवीस घरांपैकी नऊ घरांच्या पिशव्या अशा निघाल्या. निवडून झाल्यावर कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, कडक प्लॅस्टिक आणि दुधाच्या पिशव्या पोत्यांत भरून भंगारच्या दुकानाकडे गेल्या. जे विकलं जात नाही ते आणि भिजून वाया गेलेलं, एवढंच पुढे गाडीच्या वाटेला लागलं. कोपऱ्यावर उभं राहून इंजिनिअरसाहेबांनी जे पाहिलं ते हे उरलेलं होतं. त्यात वरण लागलेली जी पुरवणी होती ती गाडीने खराब केली नव्हती. ती आमच्याच कुठल्यातरी ओट्याखाली, आदल्या रात्रीच, एक झाली होती.

दुसरा मुद्दा सभेत एका तरुण सभासदाने मांडला. म्हणाला, "आपल्या लोकांत ती शिस्तच नाही. जपानी माणसाच्या रक्तात असतं ते." या 'आपल्या लोकां'त बोलणारा स्वतःला कधी धरत नाही, ते एक असो. पण विधान मुळातच खोटं आहे.

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात दुधाची पिशवी रिकामी झाली की धुऊन ओट्यामागच्या टाइलला चिकटवली जायची. वाळली की आपोआप गळून पडायची. मग ती गादीखाली सपाट. महिनाअखेर शंभरेक पिशव्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याकडे. वर्तमानपत्रं एका घडीची, मासिकं वेगळी, कारण चकचकीत कागदाचा भाव वेगळा. पुठ्ठा वेगळा. तेलाचे डबे झाकण लावून घ्यायचे नाहीतर डबेवाल्याला द्यायचे. औषधाच्या बाटल्या बाटलीवाल्याला. जुन्या साड्या बोहारणीला. तिच्यापुढे ती साडी उलगडून, विरलेला भाग मांडीखाली दाबून, एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस चाले. माझी आई सातवी शिकलेली होती आणि तिने घरातल्या टाकाऊ वस्तूंचे किमान सात प्रकार पाडले होते. तिला कुणी पत्रक वाटलं नव्हतं.

त्याच घरची मी, आणि त्याच घरांतली आमची सोसायटी. रद्दी आजही कुणी ओल्या डब्यात टाकत नाही. ती बाल्कनीत रचून ठेवतात, रद्दीवाल्याच्या ताजव्यावर लक्ष ठेवतात, अर्ध्या किलोवरून त्याच्याशी भांडतात. म्हणजे शिस्त आहे, हिशेब आहे, चिकाटी आहे. फक्त ज्या मालाचे पैसे आपल्या हातात पडतात त्याच्यापुरती. दह्याचा डबा, शाम्पूची बाटली, ऑनलाइन आलेला पुठ्ठा यांचे पैसे मावशींना मिळणार, तिथे आपल्याला एकदम वेळ नसतो. याला 'संस्कृतीत नाही' म्हणणं हा लबाडपणा आहे, आणि तो सुशिक्षित लबाडपणा आहे.

वेळेचं म्हणाल तर दुधाची पिशवी विसळायला भांडी घासताना चार सेकंद लागतात. हा मुद्दा याहून जास्त उत्तराच्या लायकीचा नाही.

यंत्राचा मुद्दा मात्र तसा नाही. साहेब अभियंते, त्यामुळे तो त्यांनीच मांडला. कचरा जसा येईल तसा घ्यावा आणि जाळून वीज करावी. घराघरात निवडत बसणं हा जुनाटपणा आहे. ऐकायला आधुनिक वाटतं. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये नेमकं हेच केलं होतं. डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने रोज ३०० टन कचरा जाळून वीज करायचा प्रकल्प उभारला आणि तो मोजके दिवस चालून बंद पडला. यंत्रात बिघाड नव्हता. आपला कचरा जळेना. त्यात भाजीची देठं, कलिंगडाच्या साली, भाताची पेज. अर्ध्याहून अधिक ओलं. डॅनिश भट्टीला जेवढी उष्णता कचऱ्यातून मिळायला हवी होती, तिच्या जवळपासही ते पोहोचलं नाही. ओली लाकडं चुलीत घातल्यावर काय होतं हे ज्या देशातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, त्या देशाने हे परदेशी भट्टी विकत घेऊन शिकावं, याला काय म्हणावं? आजही कचरा जाळायचा तर आधी त्यातलं ओलं काढावं लागतं. म्हणजे निवडणं टळत नाहीच. फक्त ओट्यापाशी चार सेकंदांत होणारं काम शहराबाहेरच्या शेडमध्ये, चार दिवस कुजल्यावर, कोट्यवधी खर्चून करायचं.

जपानचं झालं, तसं सिंगापूरही सभेत निघालंच. तिथे म्हणे सगळं पुनर्वापर होणारं एकाच निळ्या डब्यात टाकतात, यंत्रं पुढचं बघतात. डबा खरा आहे. पण तिथल्याच पर्यावरण खात्याने वारंवार सांगितलं आहे की त्या निळ्या डब्यांत पडणाऱ्यापैकी सुमारे ४० टक्के माल खरकटं वगैरे मिसळल्यामुळे कामाचाच राहत नाही. बाकी बराचसा कचरा जाळतात आणि राख समुद्रातल्या सेमाकाऊ नावाच्या भरावावर नेऊन टाकतात. तो भराव १९९९ मध्ये सुरू झाला आणि २०३५च्या आसपास भरेल असा त्यांचा स्वतःचा अंदाज आहे. इतकं श्रीमंत, इतकं शिस्तीचं शहर, आणि सोया सॉस लागलेल्या डब्यापुढे त्याचीही यंत्रं हात टेकतात.

आणि आपला भराव? आमची सोसायटी कोथरूडची. कोथरूड गावकुसाबाहेर होतं तेव्हा शहराचा कचरा डेपो इथे होता. इमारती झाल्या, भाव वाढले, तेव्हा डेपो उरुळी देवाची-फुरसुंगीकडे गेला आणि जुन्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. आम्ही मेट्रोत बसून डेक्कनला जातो. तिकडे उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी विहिरींचं पाणी खराब झालेलं पाहिलं, माश्या पाहिल्या, ढिगाऱ्यांना लागलेल्या आगींचा धूर पाहिला आणि कितीदा तरी रस्त्यावर उतरून गाड्या अडवल्या. मग चार दिवस पुण्यात कचरा साठला की पेपरांत मथळे येत, 'पुणेकरांची कोंडी'. कोंडी पुणेकरांची! मुंबईचा देवनारचा कचरा डेपो तर १९२७ पासूनचा. २०१६च्या जानेवारीत त्याला आग लागली, तेव्हा मुंबईतल्या काही शाळा बंद ठेवायची वेळ आली. हे डोंगर पेटतात ते ओल्या कचऱ्यामुळे. खरकटं प्लॅस्टिकच्या गाठीत, हवेवाचून कुजतं तेव्हा मिथेन तयार होतो; वर कोरडं प्लॅस्टिक आणि कागद असतोच. एका ढिगात गॅस आणि सरपण दोन्ही रचून आपण ठिणगीची वाट पाहतो. आमच्या नऊ घरांच्या त्या गाठी मारलेल्या पिशव्या मावशींनी फाडल्या नसत्या तर याच वाटेने गेल्या असत्या.

सभेतला सर्वांत वाईट मुद्दा मात्र फार प्रेमळ आवाजात मांडला गेला. एक ताई म्हणाल्या, "आपणच सगळं वेगळं करून दिलं तर तिला काम काय उरेल? तिचं पोट त्याच्यावर आहे." काहींनी माना डोलावल्या.

या ताईंना मी विचारते: घरकामाच्या बाईला काम उरावं म्हणून तुम्ही जमिनीवर मुद्दाम पाणी सांडता का? मावशींचं पोट निवडलेल्या मालावर आहे, घाणीतून तो उपसण्यावर नाही. कोरडा, स्वच्छ माल मिळाला तर त्यांचा तास वाचतो, भाव बरा मिळतो, बोट कापत नाही. पुण्यातल्या कचरावेचक बायांपैकी बहुसंख्य दलित आहेत. कितीतरी जणींची घरं १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून गाव सोडून इथे आली. दुसऱ्याची घाण हाताने उपसण्याचं काम त्यांच्या वाट्याला का आलं, हे या देशात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. तीच घाण आज आपण रोज सकाळी गाठ मारून पुन्हा त्यांच्याच हातात ठेवायची आणि वर तिला रोजगार म्हणायचं, हे मला प्रेमळ आवाजातही ऐकवत नाही. संघटनेने ओळखपत्रं मिळवली, महापालिकेकडून आरोग्य विमा मिळवला, करार मिळवला. त्या बाया कामगार आहेत आणि कामगार म्हणून बोलतात. दयेची भाषा आपलीच आहे, आणि ती बरोबर शंभर रुपये वाचवते.

पॅडचा विषय निघाला की सभेत सगळे मोबाइल बघू लागतात, म्हणून तो लिहूनच सांगते. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि वर लाल टिंब काढायचं. 'स्वच्छ'ने कधीपासून हे सांगितलं आहे. लाल टिंब दिसलं की ती पुडी उघडायची नाही, हे मावशींना कळतं. २०१३ मध्ये या संघटनेच्या बायांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून थेट पॅड बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवल्या होत्या: तुम्ही विकता, तर विल्हेवाटीचंही बघा. २०१६च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टण द्यावं असं आलं, आणि घरानेही ते तसं बांधूनच द्यावं असंही आलं. कंपन्यांनी किती केलं हा वेगळा लेख होईल. आपल्याकडे पेपर आणि लाल पेन दोन्ही असतं.

इथवर वाचून आमच्या सोसायटीतली पर्यावरणप्रेमी मंडळी खूश झाली असतील. त्यांनाही दोन शब्द, कारण सुक्या डब्याचं निम्मं वाटोळं उत्साही लोक करतात. यांना वाटतं, सुक्यात टाकलं की त्याचं काहीतरी चांगलं होईल. मग त्यात चिप्सची पाकिटं पडतात. त्या पाकिटात प्लॅस्टिक आणि धातूचा मुलामा असे एकावर एक थर असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. कागदी कप पडतात, ज्यांना आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. फुटलेला चिनी मातीचा मग काचेत पडतो. काचेच्या भट्टीत तो वितळत नाही, त्याचे खडे नव्या बाटलीत राहतात. पिझ्झाचं खोकं भक्तिभावाने पडतं. कागद पाण्यात लगदा करून पुन्हा बनवतात, आणि लगद्यातलं तेल निघत नाही. वरचं कोरडं झाकण फाडून सुक्यात द्या, खालचा तेलकट भाग तुकडे करून ओल्यात. दुकानाचं चकचकीत बिल रद्दीतलं नव्हे, त्याला रसायनाचा लेप असतो. ही सगळी नको असलेली भर मावशी आधी पोत्यात भरतात, मग निवडून बाहेर काढतात, आणि मग वाहून गाडीपर्यंत नेतात, तीनदा, फुकट. आपल्याला सद्‌गुणाचं समाधान मात्र एकदाच टाकून मिळतं.

चिप्सच्या पाकिटाचं काय करायचं, असं मला या मंडळींनी विचारलं. सुक्यात द्या, पण त्याचं काही होईल या आशेने नको. आणि जमलं तर विकत घेऊ नका.

दुधाच्या पिशवीचा कोपराही इथेच सांगते. आपण तो कात्रीने पुरा छाटून टाकतो. तो एवढासा तिकोनी तुकडा मोरीच्या जाळीत अडकतो नाहीतर खरकट्यात जातो, आणि खताच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं तसाच सापडतो. पिशवी पुरी न छाटता चीर द्या, तुकडा लोंबकळत राहू द्या. राज्याच्या २०१८च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतीची किंमत छापायची तरतूद होती. मला आजवर कुणी ५० पैसे परत दिलेले नाहीत. त्या बाबतीत इंजिनिअरसाहेबांच्या चिडचिडीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. सरकारने नियम करायचे आणि ते राबवायची वेळ आली की नागरिकाला सवयींचं व्याख्यान द्यायचं, हे मलाही पटत नाही. घरातला कचरा वेगळा करायचा नियम २०००च्या नियमावलीपासून आहे. तेव्हा जन्मलेलं मूल आज नोकरीला लागलं आहे आणि त्याच्या भाड्याच्या घरातून अजून एकच काळी पिशवी निघते.

पण साहेब, सरकारचा हलगर्जीपणा ही काही आपली पळवाट होत नाही. उरुळीच्या विहिरीतल्या पाण्याला ती पिशवी पालिकेने भरली की आपण, हे कळत नाही. तुमच्या तीन महिन्यांच्या प्रयोगात एकच चूक होती. तुम्ही गाडी आल्यावर बघायला गेलात. सात ते आठ या वेळात तुमच्याच इमारतीखाली, तुमच्या गाडीपासून वीस फुटांवर, तुमच्या सुक्या डब्यातली वर्तमानपत्रं आणि बाटल्या वेगळ्या होऊन पोत्यात जात होत्या. ते तीन महिने वाया गेले नाहीत. मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "बी विंगचे सर ना? त्यांचा माल चांगला यायचा. हल्ली बंद झाला."

ठराव पुढच्या सभेत पुन्हा येणार आहे. मी त्याच्या बाजूने बोलणार आहे, आणि शंभराऐवजी दोनशे करा अशी उपसूचना मांडणार आहे. ज्यांना विरोधात हात वर करायचा आहे त्यांनी सभेआधी एक दिवस, कुठलाही, सकाळी सातला पार्किंगमध्ये यावं आणि शेजाऱ्याची नव्हे, स्वतःच्या घरची पिशवी उघडावी. हातमोजे आणू नयेत. मोज्यात कळत नाही.